तिसऱ्या नंबरची नळी

“पण चारही सारख्याच दिसतात, उस्ताद. मग ह्यातली माझी कुठली?”

उस्तादांनी बाह्या सरसावल्या.

टेबलावर जाड बनात अंथरली होती. तिच्यावर चार नळ्या ओळीनं ठेवल्या होत्या. कोऱ्या, मापात कापून आलेल्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. एक, दोन, तीन, चार.

विचारणारी मुलगी कागलची केतकी खोत. पन्नास मीटरवर रायफल चालवणारी. तिच्या रायफलीची जुनी नळी झिजून गेली होती आणि राज्याच्या संघाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. क्लबनं परदेशातून चार नळ्या मागवल्या, तेव्हा पहिला हक्क तिला मिळाला. निवडायची मात्र उस्तादांनी.

दस्तगीर शिकलगार हे त्यांचं नाव. पण मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत सगळे नेमबाज त्यांना उस्तादच म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी लष्करात बंदुका दुरुस्त केल्या. निवृत्त होऊन मिरजेला आले, आणि रायफल क्लबच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ टाकून बसले. त्यांनी निवडली ती नळी चांगली. त्यावर कुणी शब्द काढत नसे.

त्यांनी पहिली नळी शिकंज्यात आवळली. तेलाचा बोळा आतून फिरवला. शिशाची मऊ गोळी मागच्या बाजूनं आत बसवली, तिला लांब सळई लावली आणि डोळे मिटले. मग गोळी हळूहळू पुढे ढकलायला लागले.

“डोळे का मिटता?” केतकीनं दबक्या आवाजात विचारलं.

“नळी डोळ्याला दिसत नाही, बेटी. बोटाला लागते.”

शिशाची गोळी आत कुठे अडते, कुठे मोकळी सुटते, ते सळईतून बोटांपर्यंत येतं. नळी मागून पुढपर्यंत एकसारखी आवळ असावी. तोंडाकडे केसभर जास्त आवळ असली तर सोन्याहून पिवळं. पण तोंडापाशी सैल पडली तर कितीही चकचकीत असो, ती कामातून गेली. सुटता सुटता गोळी डोलते, आणि तेवढं डोलणं पन्नास मीटरवर वाईट दिसतं.

एक झाली. दोन झाली. तीन. चार.

शेडमध्ये पंख्याचा तेवढा आवाज.

उस्तादांनी डोळे उघडले. थोडा वेळ नळ्यांकडे बघत राहिले. मग तिसरीवर हात ठेवला.

“ही.”

केतकीचा चेहरा उजळला.

उस्ताद मागे वळले. लेथपाशी त्यांचा शिष्य श्रीपती मेस्त्री उभा होता.

“श्रीपत... तुझं काय मत?”

श्रीपतीनं मान खाली घातली.

“तुम्ही म्हणाल ती, उस्ताद.”

उस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

“बरं,” ते म्हणाले. “मग बसव.”

◆

श्रीपती अकरा वर्षांपूर्वी उस्तादांकडे आला, तेव्हा कुपवाडच्या एका कारखान्यात टर्नर होता. हात चांगला, पण घाई फार. उस्तादांनी त्याला पहिलं वर्षभर नुसत्या नळ्या पुसायला लावल्या. दुसऱ्या वर्षी सळई हातात दिली. पाचव्या वर्षी एका सकाळी त्याला पहिल्यांदा ते लागलं... गोळी नळीच्या मध्यावर एका जागी श्वास घेतल्यासारखी थांबली आणि पुढे गेली. तो ओरडलाच. उस्तादांनी मिठाई मागवली.

ज्यानं बोटं दिली, त्याचीच बोटं आता जात होती.

श्रीपतीला ते वर्षापूर्वी कळलं. चहाचा ग्लास इतका गरम होता, की त्याला टेबलावर ठेवावा लागला. उस्ताद मात्र तसाच ग्लास बोटांत धरून बोलत बसले होते. बोलणं संपेपर्यंत. साखरेचं दुखणं त्यांना जुनंच होतं. ते आता बोटांच्या टोकाला येऊन बसलं होतं.

त्या दिवशी उस्तादांनी एका नेमबाजासाठी नळी निवडली. श्रीपतीनं नंतर सहज सळई घालून पाहिली. तोंडापाशी सैल.

त्यानं खूप विचार केला. मग चिठ्ठी काढून दुसऱ्या नळीला बांधली आणि तीच रायफलीवर बसवली.

नेमबाज खूश झाला. पेढे घेऊन आला आणि उस्तादांच्या पाया पडला. श्रीपती कोपऱ्यात लेथ पुसत उभा होता. त्याच्या मनात काय काय आलं! आपण गुरूचा मान राखला, हे तर आलंच. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. ती गोड होती, आणि ती कुणाला सांगायची नव्हती. खरी नळी कोण निवडतं, हे सगळ्या जिल्ह्यात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे.

त्यानंतर वर्षात आणखी दोनदा असं झालं. बायकोलाही त्यानं सांगितलं नाही. कडक उपास धरल्यासारखं ते गुपित त्यानं सांभाळलं. आणि उपास करणाऱ्याला जसा स्वतःचा थोडा गर्व वाटतो, तसा त्यालाही वाटायला लागला.

केतकीच्या वेळी तर त्याला विचारही करावा लागला नाही. उस्ताद शेडवर यायच्या आधीच, सकाळी, त्यानं चारही नळ्यांत सळई घालून पाहिली होती. तिसरी तोंडापाशी, शेवटच्या चार बोटांच्या लांबीत, सैल होती. चौथी मध्यावर अडत होती. दुसरी बरी. पहिली... पहिली म्हणजे लोणी.

केतकी गेली. उस्ताद दुपारच्या नमाजाला गेले.

श्रीपतीनं पहिली नळी लेथवर चढवली.

◆

गुरुवारी क्लबच्या मैदानावर रायफल तपासली.

केतकी सतरंजीवर पालथी झोपली. पट्टा दंडाला आवळला. दहा गोळ्या झाडल्या. कागद आणला, तर दहाही भोकं मिळून एकच फाटकं भोक झालेलं. चार आण्याच्या जुन्या नाण्याखाली झाकलं गेलं असतं.

“उस्ताद!” केतकी तिथूनच ओरडली.

चार-पाच नेमबाज जमले. कागद हातोहात फिरला. कुणी म्हणालं, ह्या वयात काय बोटं आहेत! कुणी म्हणालं, बोटं कसली, देणगी आहे ती.

केतकी पाया पडायला वाकली. उस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

श्रीपती मागे उभा होता. आत ते गोड पुन्हा पाझरायला लागलं होतं.

दोघं शेडवर परतले. उस्ताद स्टुलावर बसले.

“कितवी बसवलीस?”

श्रीपतीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“अं?”

“कितवी बसवलीस, श्रीपत?”

“पहिली.”

“मी कितवी म्हटलं होतं?”

“तिसरी.”

“तिसरीत काय होतं?”

“तोंडापाशी चार बोटं सैल.”

“तिला सांगितलंस?”

“नाही.”

“मला?”

श्रीपतीला वाटत होतं, उस्ताद चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते अगदी शांतपणे विचारत होते. शिशाची गोळी पुढे ढकलावी, तसं.

“उस्ताद... तुमचा मान राहावा म्हणून...”

“हं. आधी किती वेळा?”

“तीनदा.”

“तीनदाच?”

“शपथ, उस्ताद.”

“शपथ नको. मी मोजल्यात. गेल्या दिवाळीत मी ज्याला सात नंबरची दिली म्हणत होतो, तो रायफल साफ करायला घेऊन आला. तू बाहेर होतास. नळीच्या बुडाशी मी खुणेला कोरलेला नंबर मात्र नऊ. तेव्हा कळलं. मग बाकीच्या पाहिल्या.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग तिसरी का निवडलीत?”

“निवडली कुठे?” उस्ताद म्हणाले. “मला चारही सारख्याच लागल्या. म्हणजे एकही लागली नाही. मी हात ठेवला आणि तुझ्या तोंडाकडे बघितलं.”

पंखा फिरत होता.

श्रीपतीला ते आठवलं. ते जरा जास्त वेळ बघणं.

“चूक झाली,” तो म्हणाला. पण मनातून त्याला तसं पुरतं वाटत नव्हतं, आणि ते बोलण्यात आलंच. “पण उस्ताद, नुकसान कुणाचं झालं? चौघांनाही चांगली नळी मिळाली. तुमचं नाव राहिलं. कुणाचं काय गेलं?”

उस्ताद उठले. खुंटीवरची टोपी घेतली.

“चल.”

“कुठे?”

“कुणाचं काय गेलं, ते बघायला.”

◆

एस.टी.नं ते शिरोळच्या बाजूला एका गावी उतरले.

शाळा नुकती सुटली होती. पायरीवर एक पस्तिशीचा माणूस गणिताच्या वह्या तपासत बसला होता. श्रीपतीनं त्याला ओळखलं. अजित मगदूम. क्लबचा जुना नेमबाज. शांत, मेहनती, शाळा सुटली की मोटारसायकल घेऊन तडक मिरजेला येणारा. गेले काही महिने तो दिसला नव्हता. बदली झाली असेल, असं श्रीपतीनं धरलं होतं.

“उस्ताद! तुम्ही इकडे?” मगदूम लगबगीनं उठला. “बसा, बसा. पाणी आणतो.”

“पाणी नंतर. मास्तर, रायफल का सोडलीत ते ह्याला सांगा.”

मगदूम ओशाळला. हसला.

“त्यात सांगण्यासारखं काय आहे? हात गेला माझा.”

“कधी?”

“श्रावणात नवीन नळी बसवली ना तुम्ही, त्यानंतर. नळी तुमच्या हातची, म्हणजे तिच्यात काही नसणार. मीच गोळ्या फेकायला लागलो. आठ चांगल्या जायच्या आणि दोन कुठच्या कुठे. आधी वाटलं, श्वास चुकतोय. मग वाटलं, डोळा. सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, नजर उत्तम आहे. मग नसांच्या डॉक्टरकडे. त्यांनी गोळ्या दिल्या. त्यानं दिवसभर झोप यायची, वर्गात फळ्यापुढे उभं राहवेना...”

तो थांबला.

“चाचणीत शेवटून दुसरा आलो. घरी येऊन जाकीट एका पोराला देऊन टाकलं. मागच्या आठवड्यात रायफल विकायचं विचारायला उस्तादांकडे आलो होतो. माणसानं ओळखावं कधी थांबायचं ते.”

श्रीपती हिशोब लावत होता. श्रावण. श्रावणात तो मेव्हणीच्या लग्नाची बोलणी करायला आठ दिवस गडहिंग्लजला गेला होता.

त्या आठ दिवसांत शेडवर उस्ताद एकटे होते.

“ती नळी मी निवडली,” उस्ताद म्हणाले. “मीच बसवली. माझ्या बोटांवर माझा पूर्ण भरवसा होता. का नसावा? वर्षभरात माझी एक नळी चुकली नव्हती.”

श्रीपतीनं वर बघितलं नाही.

“मागच्या आठवड्यात तुम्ही रायफल ठेवून गेलात,” उस्ताद मगदुमाला सांगत होते, “तेव्हा ती मी शिकंज्यात आवळून झाडली. माणसाचा हात न लावता. आठ चांगल्या गेल्या, मास्तर. दोन कुठच्या कुठे.”

मगदूम उभा होता तो हळूहळू पायरीवर बसला. एक वही घसरून खाली पडली. ती उचलायचं त्याला सुचलं नाही.

“म्हणजे... माझा हात...”

“चांगला आहे.”

“पाच महिने,” मगदूम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “पाच महिने मी रोज पहाटे उठून आरशापुढे हात धरून बघतोय, थरथरतो का ते. एकदा आमच्या हिनं विचारलं, काय करताय? तिला काय सांगू? आणि तुम्ही मला आता...”

संतापानं त्याचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे भरले होते, आणि दोन्हींतलं काय आवरावं हे त्याला कळत नव्हतं.

“माझ्यामुळे झालं,” श्रीपती म्हणाला.

मगदुमानं त्याच्याकडे पाहिलं.

“तुम्ही तर तिथे नव्हता.”

“तेव्हा नव्हतो. पण त्याच्या आधीच मला ठाऊक होतं... उस्तादांच्या बोटांना लागत नाही. मी गुपचूप नळ्या बदलत होतो. कुणाला बोललो नाही. उस्तादांनाही नाही.”

“का?”

‘मान’ हा शब्द श्रीपतीच्या ओठांवर आला. पायरीवर बसलेल्या त्या माणसापुढे तो त्याला उच्चारता आला नाही.

“मला ते... बरं वाटत होतं,” तो म्हणाला.

शाळेच्या पाठीमागे पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा गलका येत होता.

मगदुमानं वही उचलली. झटकली. मग आत जाऊन पाण्याचे दोन तांबे घेऊन आला. एक उस्तादांना दिला. दुसरा श्रीपतीपुढे धरला. जरा जोरातच धरला, पाणी थोडं हिंदकळलं. पण धरला.

“उद्या शेडवर या,” उस्ताद म्हणाले. “तीन नळ्या राहिल्यात. त्यातली एक तुमच्यासाठी निवडतो.”

“तुम्ही?” मगदूम चमकला.

“मी.”

◆

परतताना एस.टी.त श्रीपती खिडकीशी बसला होता.

“उस्ताद, उद्या तुम्ही कशाला... मी निवडतो ना. मला ठाऊक आहे कुठली चांगली.”

“तुला ठाऊक आहे. बाकी कुणाला ठाऊक आहे?”

श्रीपतीनं खिडकीबाहेर बघितलं.

“तू चुकलास तर कोण सांगणार?”

“केतकीला सांगितलं पाहिजे,” थोड्या वेळानं श्रीपती आपणहून म्हणाला.

“सांग.”

त्यानं तिथूनच फोन लावला. गाडीच्या खडखडाटात, एका कानात बोट घालून, त्यानं सगळं सांगितलं.

“म्हणजे ही उस्तादांची बॅरल नाही?” केतकीनं विचारलं.

“नाही. माझी आहे. म्हणजे, मी निवडलेली.”

“मग चांगली आहे का नाही, हे मी कुणाच्या शब्दावर धरायचं?”

अकरा वर्षांत श्रीपतीनं कुणाला स्वतःचा शब्द असा दिलाच नव्हता.

“माझ्या शब्दावर धरू नका,” तो शेवटी म्हणाला. “पुन्हा या. तुमच्यासमोर शिकंज्यात आवळू, शंभर गोळ्या झाडू. कागद सांगेल.”

ती आली, चार दिवसांनी. शंभर झाडल्या. कागदानं चांगलंच सांगितलं आणि पुढे चाचणीत ती तिसरी येऊन संघातही गेली. पण त्या दिवशी जाताना ती दोघांपैकी कुणाच्याच पाया पडली नाही. नुसतं “येते” म्हणाली.

तर ते पुढचं. मगदूम आला तो दुसऱ्याच दिवशी.

◆

संध्याकाळची वेळ. शेडमध्ये उकाडा होता. मगदूम आला होता आणि बातमी कशी फुटली कोण जाणे, क्लबचे सात-आठ जण दाराशी उभे होते. कुणी आत आलं नाही, कुणी गेलंही नाही.

उस्तादांनी दुसरी नळी शिकंज्यात आवळली. बोळा फिरवला. गोळी बसवली. डोळे मिटले.

मग तिसरी. मग चौथी.

श्रीपतीनं रात्रभर वाक्यं जुळवली होती. तशी चौथीही चांगलीच आहे, उस्ताद, पण मास्तरांच्या रायफलीला म्हणून दुसरी जरा... किंवा, तुम्ही म्हणता ते खरंच, फक्त एकदा आणखी सळई घालून... अशी पुष्कळ. प्रत्येक वाक्याला आत कापूस भरला होता.

उस्तादांनी डोळे उघडले. चौथ्या नळीवर हात ठेवला.

“ही.”

मगदुमानं श्रीपतीकडे पाहिलं. दारातले सगळे श्रीपतीकडे बघत होते.

“श्रीपत, तुझं काय मत?”

“तशी चांगली आहे, उस्ताद. पण...”

“चांगली आहे?”

समोर त्याचे गुरू उभे होते. ज्यांनी त्याला वर्षभर नळ्या पुसायला लावल्या ते. ज्यांनी पाचव्या वर्षी मिठाई मागवली ते. पांढरी दाढी, ताठ पाठ, सव्वीस वर्षांच्या नोकरीनं आलेला तो ताठपणा. आणि सगळा क्लब ऐकत होता.

“नाही,” तो म्हणाला.

“काय नाही? नीट सांग.”

“ही नको, उस्ताद. ही मध्यावर अडते.” त्यानं दुसऱ्या नळीवर बोट ठेवलं. “दुसरी घ्यायची. चौथीतलं अडणं तुमच्या बोटांना कळलं नाही. तुमची बोटं गेलीत, उस्ताद.”

दारात कुणीतरी खोकलं आणि खोकला अर्ध्यावर गिळला.

मगदूम जमिनीकडे बघत होता.

उस्ताद हलले नाहीत. सळई अजून त्यांच्या हातात होती. मग त्यांनी सळई बनातीवर ठेवली, सावकाश, आवाज न करता. उजव्या हाताची बोटं डाव्या हातात घेतली. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

श्रीपती दोन पावलं पुढे आला. त्याला काय करावं ते कळेना. हात जोडावे, पाय धरावे, की पळून जावं.

“उस्ताद... लागलं का तुम्हाला?”

उस्तादांनी मान डोलावली.

“लागलं,” ते म्हणाले. “किती दिवसांनी लागलं रे, श्रीपत.”